इथे किती जण आहेत?

11 जुलै, पुणे ते मुंबई

आमच्याकडे गोडा मसाला अजून घरीच होतो. धणे, खोबरं, तीळ, तमालपत्र भाजून झालं की आई शेवटी बरणीतून मूठभर दगडफूल काढते, निवडते आणि थेंबभर तेलावर परतते. घरभर पावसाळी रानाचा वास सुटतो. काल मी बॅग भरत होते तेव्हा ती शेजारी बसून म्हणाली, "मंडईत मिळतं गं ते. त्यासाठी उत्तर ध्रुवापर्यंत कशाला जायचं?"

"तिथलं वेगळं असतं, आई."

"आणि आणणार किती?"

"चिमूट चिमूट. दीडशे चिमट्या."

आईने मेतकुटाची पुडी बॅगेत कोंबली आणि विषय संपवला.

मंडईतलं दगडफूल आणि मी ज्याच्यामागे निघाले आहे ते, दोन्ही लायकेनच. मराठीत त्याला शैवाक म्हणतात. शैवल आणि कवक या दोघांचा संसार त्या एका शब्दात आला. कवक म्हणजे बुरशी. ती अंग देते, ओल धरून ठेवते. शैवल उन्हावर अन्न तयार करतं. दोघं मिळून जे दिसतं त्याला आपण एक नाव देतो, आणि शास्त्रात ते नाव बुरशीचं धरलं जातं.

पुण्यात या विषयाची जुनी परंपरा आहे. आताच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतल्या लायकेनचा अभ्यास उभा केला. तिथली पाकिटं उघडून, जुन्या चिठ्ठ्या वाचून आमच्या पिढीने जाती ओळखायला शिकून घेतलं. पण जात ओळखणं एक आणि जण मोजणं दुसरं. एका माळावर दगडफुलाचे हजार झुबके दिसले, तर तिथे हजार जण आहेत, की एकाच जुन्या जिवाचे वाऱ्यावर विखुरलेले हजार तुकडे? नुसत्या डोळ्यांनी हे सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीही नाही. त्यासाठी डीएनएवर खुणा शोधाव्या लागतात. त्या खुणा म्हणजे जनुकीय मार्कर. माझी गेली दोन वर्षं ते तयार करण्यात गेली आहेत.

13 जुलै, लाँगइयरब्येन

मुंबई, ऑस्लो, ट्रॉम्सो असं करत काल रात्री इथे पोहोचलो. रात्री म्हणायचं ते घड्याळाकडे बघून. ऊन तसंच डोंगरावर पडलेलं होतं.

हे स्वालबार्ड बेटांवरचं मुख्य गाव. स्वालबार्ड नॉर्वेचं आहे, पण शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर. त्यामुळे वाटेत पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो. 1920 साली पॅरिसला झालेल्या करारानुसार या बेटांवर नॉर्वेची सत्ता मान्य झाली, आणि त्या करारावर सह्या करणाऱ्यांत तेव्हाचा ब्रिटिश अमलाखालचा हिंदुस्थानही होता. शंभर वर्षांपूर्वीची ती सही आज आमच्यासारख्यांना इथे येऊन काम करायला उपयोगी पडते आहे, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

गाव मुळात खाणकामगारांचं. हॉटेलात शिरताना बूट दाराशी काढायचे, ही कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून पडलेली रीत. माझा विद्यार्थी कोल्हापूरकडचा आहे. तो बूट काढता काढता म्हणाला, "मॅडम, हे आपल्यासारखंच आहे की." त्याचा सगळा प्रवासाचा ताण तिथेच उतरला.

14 जुलै, नी-ओलेसुंद

दोन पंखांवर दोन पंखे असलेलं लहानसं डॉर्निअर विमान. खाली हिमनद्या, त्यांच्या पाठीवरच्या भेगा, मधेच काळे सुळके. अर्धा तासही झाला नाही आणि कोंग्सफ्योर्द या खाडीच्या काठावर, रंगीत लाकडी घरांच्या एका ठिपक्यापाशी उतरलो. 78 अंश 55 मिनिटं उत्तर. इथून ध्रुव बाराशे किलोमीटरच्या आसपास.

उतरण्याआधीच फोन फ्लाइट मोडवर. इथे वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, कारण गावालगत एक रेडिओ दुर्बीण आहे. ती क्वेसारांचे, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांचे, क्षीण संकेत ऐकून पृथ्वीची मापं घेते, आणि आपल्या खिशातल्या यंत्रांचा गोंगाट तिला चालत नाही. घरी बोलायचं तर संगणकाला तार जोडून. दोन तासांत मला जाणवलं की माणसं इथे जेवताना एकमेकांकडे बघून बोलतात.

हे गावही कोळशाचंच होतं. 1962 च्या नोव्हेंबरात खाणीत स्फोट होऊन 21 जण गेले, पुढच्या वर्षी खाण बंद पडली, आणि त्या प्रकरणात नॉर्वेचं सरकारसुद्धा कोसळलं. नंतर इथे संशोधक आले. कोळसा ओढणारं लहानसं इंजिन काठावर अजून उभं आहे. गावाबाहेरचा उंच लोखंडी मनोराही आहे. 1926 च्या मे महिन्यात अमुंडसेन आणि नोबिले यांचं 'नॉर्गे' हे हवाईजहाज याच मनोऱ्याला बांधलं होतं. इथून सुटून ते ध्रुवावरून अलास्काला पोहोचलं.

आपलं केंद्र हिमाद्री. 1 जुलै 2008 ला सुरू झालं. गोव्यातल्या वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ही संस्था ते चालवते. दारावरचं देवनागरी नाव वाचलं आणि मी काही क्षण पायऱ्यांवरच थांबले. केंद्राचे प्रमुख सरही वास्कोचेच. "यो गो, आत ये, भायर थंडी आसा," असं ऐकल्यावर बर्फाळ डोंगरांकडे पाठ करून मी आत गेले. दाराला कुलूप नव्हतं. इथे कोणत्याच दाराला नसतं. अस्वल दिसलं तर जवळच्या कुठल्याही घरात शिरता आलं पाहिजे.

15 जुलै

दिवसभर बंदुकीचं प्रशिक्षण. गावाची हद्द ओलांडायची तर प्रत्येक गटात रायफल आणि इशाऱ्याचं पिस्तूल हवंच. माझा खांदा दुखतो आहे. पण एक नियम मनात पक्का बसला. एकजण जमिनीकडे वाकला असेल, तेव्हा दुसऱ्याने क्षितिजाकडेच बघायचं. लायकेन गोळा करणाऱ्याची मान सतत खाली असते, म्हणून आमच्यासाठी हा नियम इतरांपेक्षा जास्त गरजेचा.

16 जुलै, गावाच्या पश्चिमेचा माळ

सकाळी निघताना आर्क्टिक टर्न पक्ष्यांनी डोक्यावर झेपा घेतल्या. त्यांची पिल्लं वाटेलगतच्या खडीत असतात. इथले लोक डोक्यावर काठी उभी धरून चालतात, म्हणजे पक्षी सगळ्यांत उंच टोकावर चोच मारतो. आम्हीही तसंच केलं. दरवर्षी आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंतचं अंतर मनात घेऊन उडणारा हा पक्षी आपल्याला हुसकावतो, याचा राग येत नाही.

तासाभरात वाऱ्याच्या तोंडावरच्या उंचवट्यावर ती सापडली. फ्लॅव्होसेट्रारिया निव्हालिस, मी जिच्यासाठी आले ती लायकेनची जात. फिकट पिवळी, कडा चुरगळलेल्या, बोटभर उंचीचे उभे झुबके, बुडाशी नारिंगी झाक. हा पिवळेपणा लायकेनमध्ये बनणाऱ्या उस्निक आम्लाचा. हिवाळ्यात वारा अशा उंचवट्यांवर बर्फ टिकू देत नाही, म्हणून ती इथे उघडी राहते, आणि म्हणूनच रेनडियरला सापडते.

इथली रेनडियरची कथा माहीत नसेल तर आमचं काम समजणार नाही. या ब्रॉगर द्वीपकल्पावरचे रेनडियर शिकारीत संपले होते. 1925 पासून स्वालबार्डमध्ये त्यांना संरक्षण आहे, पण इथे ते आपणहून परतले नाहीत. 1978 मध्ये मोजके प्राणी मुद्दाम आणून सोडले. कितीतरी दशकं कुणी तोंड न लावलेली लायकेनची जाड गादी त्यांना मिळाली. 1993 पर्यंत कळप साडेतीनशेच्या आसपास गेला. मग त्या हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला, पाणी गोठून जमिनीवर बर्फाचं कवच बसलं, चारा त्याखाली अडकला, आणि कळप एकदम खाली आला. तोवर लायकेनची गादी मात्र खाऊन, तुडवून गेली होती.

आता झुबके पुन्हा दिसतात. कुठे विरळ, कुठे बऱ्यापैकी. माझा प्रश्न एवढाच, की हे कोण आहेत? त्या चराईतून वाचलेल्या दोनचार जिवांचे तुकडे, खुरांनी मोडून वाऱ्याने पसरवलेले? की बाहेरून, दुसऱ्या खोऱ्यांतून आलेले नवे? ही जात बीजाणूंची फळं क्वचित धरते, बहुतेक वेळा तुकड्यांनीच पसरते. त्यामुळे दोन्ही शक्य. आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. सगळा माळ दोनचार जणांचाच असेल, तर बदलत्या हवेत तो सगळा एकदमच आजारी पडू शकतो.

गोळा करायची पद्धत साधी आणि कंटाळवाणी. दोन झुबक्यांत निदान दोन मीटर अंतर ठेवायचं, नाहीतर एकच जीव दोनदा मोजला जातो. झुबक्यातली एकच पाकळी, नखाएवढी, चिमट्याने तोडायची. चिमटा स्पिरिटने पुसायचा. पाकळी सिलिका जेलच्या ट्यूबमध्ये टाकायची, जीपीएसचा आकडा वहीत लिहायचा, आणि पुन्हा वाकायचं. वर्षाला काही मिलिमीटर वाढणाऱ्या जिवाचा अख्खा झुबका उपटायचा मला अधिकार वाटत नाही, आणि डीएनएसाठी त्याची गरजही नसते.

एक ते तीस झाले. मी वाकले होते तेव्हा विद्यार्थी क्षितिज बघत होता, तो वाकला तेव्हा मी. दुपारी तीन रेनडियर येऊन आमच्यापासून शंभर पावलांवर चरत राहिले. आखूड पायांचे, गुबगुबीत, अजिबात न घाबरणारे. त्यांच्या तोंडात काय जातं आहे ते मी दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं. गवत होतं.

17 जुलै, आषाढी

जेवणघरात उकडलेले बटाटे मिळाले. विद्यार्थ्याच्या आईने शेंगदाण्याचा कूट दिला होता. उपवास नीट झाला. वास्कोच्या सरांनी संगणकाला तार जोडून पंढरपूरचं थेट प्रक्षेपण लावलं आणि आम्ही तिघे पाच मिनिटं काही न बोलता बसलो.

दुपारी माळावर विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, आमच्या घरी विचारतात, तुम्ही नक्की करता काय? मायक्रोसॅटेलाइट म्हणजे काय सांगू?" मी त्याला म्हटलं, आज तर सांगणं सगळ्यांत सोपं आहे. सगळ्या दिंड्या तोच अभंग म्हणतात असं धर. एक ओळ येते, मग "विठ्ठल विठ्ठल" असा गजर, मग दुसरी ओळ. दोन्ही ओळी सगळ्यांना पाठ, त्यात फरक नाही. पण मधला गजर कुणी अकरा वेळा करतं, कुणी चौदा वेळा. दिंडी डोळ्यांनी दिसत नसली, तरी गजर मोजून ती कुठली ते सांगता येईल. डीएनएत तसंच असतं. सीए, सीए, सीए अशी दोनतीन अक्षरं लागोपाठ येत राहतात. पेशी डीएनएची नक्कल करताना अशा जागी घसरते, आणि पिढ्यांमागून पिढ्यांत एखादी आवृत्ती वाढते किंवा गळते. म्हणून ही संख्या जिवागणिक वेगळी होते. अशी जागा म्हणजे मायक्रोसॅटेलाइट. दोन्ही बाजूंच्या न बदलणाऱ्या ओळींना नेमके चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे आम्ही बनवून घेतो. ते प्रायमर. त्यांच्यामधला भाग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य नकला काढणाऱ्या पद्धतीने, वाढवायचा आणि लांबी मोजायची. अशा आठदहा जागांची लांबी एकत्र पाहिली की प्रत्येकाचा स्वतःचा आकडा तयार होतो.

"मग अवघड काय आहे त्यात?" त्याने विचारलं. अवघड हे, की त्या ओळी शोधाव्या लागतात, आणि त्या बुरशीच्याच आहेत याची खात्री करावी लागते. ते उद्या सांगेन म्हटलं.

संध्याकाळी मोठी चूक लक्षात आली. ट्यूबांवरचे आकडे मी पर्मनंट मार्करने लिहिले होते. चिमटे पुसायचं स्पिरिट पिशवीत सांडलं आणि सहा ट्यूबांवरची शाई पुसली गेली. चार आम्ही फोटो आणि जीपीएसच्या नोंदी जुळवून ओळखल्या. दोन ओळखता आल्या नाहीत. त्या मी टाकून दिल्या. त्या दोन झुबक्यांची पाकळी मी फुकट तोडली, आणि हे मला रात्रभर टोचत राहिलं. उद्यापासून प्रत्येक ट्यूबमध्ये शिसपेन्सिलने लिहिलेली कागदाची चिठ्ठी.

18 जुलै

पाऊस. ओलं लायकेन मऊ होतं, तोडायला सोपं. पण वाळवायला फार वेळ लागतो आणि मधेच बुरा येतो. म्हणून आज घरीच, सूक्ष्मदर्शकावर.

विद्यार्थ्याला कालचं उरलेलं सांगितलं. लायकेनचा एक तुकडा दळला की हाती येणारा डीएनए एकाचा नसतो. बुरशीचा असतो, आत राहणाऱ्या ट्रेबूक्सिया या शैवलाचा असतो, जिवाणूंचा असतो. 2016 मध्ये तर बऱ्याच लायकेनच्या सालीत वेगळ्याच गटातलं यीस्टही सापडलं. वर कधीकधी लायकेनवर जगणाऱ्या परक्या बुरशीचे काळे ठिपके असतात. आम्ही पुण्यात एका नमुन्याच्या सगळ्या डीएनएचे तुकडे वाचून घेतले आणि संगणकाला आवृत्त्या शोधायला लावल्या. त्याने हजारो जागा दिल्या, पण त्या कुणाच्या ते सांगितलं नाही. शैवलाची जागा बुरशीची समजून मोजत बसलो, तर माळावर कुणाची वस्ती आहे ते विचारलं आणि भाडेकरूंची शिरगणती केली, असं होईल.

म्हणून प्रत्येक प्रायमर-जोडी तपासावी लागते. प्रयोगशाळेत एकटं वाढवलेलं शैवल घ्यायचं आणि त्याच्या शुद्ध डीएनएवर प्रायमर लावायचे. तिथे नकला तयार होऊन पट्टा उमटला तर ती जागा शैवलाची, बाद करायची किंवा वेगळ्या यादीत ठेवायची. मग बुरशीच्या आधी प्रसिद्ध झालेल्या जीनोमांशी, म्हणजे पूर्ण वाचलेल्या डीएनएशी, अक्षरं जुळवायची. मग वेगवेगळ्या ठिकाणच्या नमुन्यांवर लावून बघायचं, की लांबीत फरक पडतो का. सगळ्यांत एकच लांबी येत असेल तर मार्कर निरुपयोगी. बऱ्याच जोड्या या चाळण्यांतून गळतात. दोन वर्षं त्यात गेली. आणि त्याआधी उस्निक आम्ल ॲसिटोनने धुऊन काढलं नाही, तर पीसीआर चालतच नाही, हे शिकण्यात पहिले काही महिने गेले.

या कामात निसर्गाने एक सोय केली आहे. आपल्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. या बुरशीच्या अंगात एकच असते. म्हणून एका जिवाच्या नमुन्यात एका मार्करवर आलेखाचा एकच सुळका यायला हवा. दोन सुळके आले, तर एक तर मार्कर खराब आहे, किंवा त्या चिमटीत दोघं आहेत.

दिवसभरात अठ्ठावन्न पाकळ्या निवडल्या. काळे ठिपके असलेले भाग कापून टाकले. संध्याकाळी मेतकूट-भात.

19 जुलै, क्वाडेहुकस्लेटा

आज बोटीने द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाला. उतरल्यावर जे दिसलं, ते बघून मी बराच वेळ जागची हलले नाही. सपाट किनाऱ्यावर दगडांची वर्तुळं. मधे बारीक माती, भोवती हाताने रचल्यासारखा दगडांचा बांध. शेजारी दुसरं वर्तुळ, त्याला खेटून तिसरं. जमीन वर्षानुवर्षं गोठते, वितळते, फुगते, आणि तिच्या त्या श्वासाने दगड बाजूला सरकत जाऊन अशी रिंगणं तयार होतात. दोन दिवसांपूर्वीच आषाढी झाली होती. मला रिंगणाखेरीज दुसरा शब्द सुचला नाही.

मधली माती सतत हलते, तिथे काही टिकत नाही. लायकेन असतं ते बांधावर, दगडांच्या फटींत. 61 क्रमांकाची पाकळी मी अशाच एका फटीतून घेतली. झुबका दाट होता आणि मला तो एकाच रंगाचा वाटेना. डाव्या बाजूची झाक जरा जास्त पिवळी, उजवीकडची करडी. पाकळ्या एकमेकींत गुंतलेल्या. दोन झुबके वाढत वाढत एक झाले, की एकाच झुबक्याची एक बाजू उन्हात? मी गुंत्यातलीच पाकळी तोडली आणि वहीत पुढे प्रश्नचिन्ह केलं.

इथेच सेट्रारिया ॲक्युलिएटाही मिळाली. तपकिरी-काळी, काटेरी, हातात घेतली तर चुरचुरते. हिच्यासाठी वेगळी मालिका केली. ही जात उत्तर ध्रुवाकडे आहे आणि अंटार्क्टिकातही, मधल्या उष्ण पट्ट्यात मात्र जवळपास नाही. फ्रँकफुर्टच्या झेंकेनबेर्ग संस्थेत क्रिस्टियान प्रिंट्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय खुणांवरून तिचा प्रवास मांडला आहे. मूळ उत्तरेचं, हिमयुगांच्या काळात दक्षिण गोलार्धात पोहोचलं. अंटार्क्टिकातल्या तिच्या वस्त्यांमध्ये वैविध्य फार कमी सापडलं, उत्तरेत जास्त. वैविध्य कमी म्हणजे तिथे पोहोचून टिकलेले थोडेच. अंटार्क्टिकात भारताचं मैत्री केंद्र आहे त्या शिर्माकर परिसरातही आपले लोक लायकेन गोळा करतात. मला आज त्या काटेरी झुबक्याकडे बघताना सारखं वाटत होतं, की तिथल्या आणि इथल्या लायकेनला एकाच मोजपट्टीने मोजता येईल असे मार्कर आपल्याकडे हवेत. एका जातीसाठी, एका ठिकाणी बनवलेले प्रायमर दूरच्या वस्तीत कधीकधी चिकटतच नाहीत, कारण तिथे बाजूची 'ओळ'च थोडी बदललेली असते. मग रिकामी जागा दिसते आणि आपण चुकून म्हणतो, वैविध्य नाही. ही चूक टाळायची तर मार्कर बनवतानाच दोन्ही टोकांचे नमुने हाताशी लागतात.

परतताना फ्योर्दच्या टोकाला तीन टोप्यांसारखे डोंगर लख्ख दिसले. स्वेआ, नोरा आणि डाना. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क यांची नावं त्यांना दिली आहेत.

20 जुलै

धुकं. दहा पावलांपुढचं दिसत नाही, म्हणजे अस्वलही दिसणार नाही. बाहेर पडायची परवानगी नाही. ठरवलेल्या पाच ठिकाणांपैकी एक यादीतून गेलं.

आईशी बोलले. "मिळालं का दगडफूल?" मिळालं म्हटलं. "मसाल्यात चालेल?" हे चालणार नाही. मग तिने इतकं बारकाईने विचारलं, की ते तिथे काय खाऊन जगतं, कोण खातं, बर्फात मरत कसं नाही, की पाऊण तास कसा गेला कळलं नाही. वाळलं की ते थांबतं, ओल मिळाली की काही मिनिटांत पुन्हा सुरू होतं, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे बरणीतलंसुद्धा?" बरणीतलं बहुधा नाही. पण तो प्रश्न चांगला होता.

21 जुलै, मिद्रे लोव्हेनब्रेन

हिमनदी मागे सरकत गेली तशी तिने सोडलेली जमीन चालत जाताना वर्षांची उतरंड वाटते. नदीच्या तोंडाशी नुसता राखाडी चिखल आणि दगड. बाहेर यावं तसं आधी शेवाळ, जांभळी सॅक्सिफ्राज, मग ध्रुवीय विलोची जमिनीला चिकटलेली पानं. पिवळे झुबके अगदी बाहेरच्या, जुन्या मोरेनवर, म्हणजे हिमनदीने लोटून रचलेल्या मातीदगडांच्या ढिगावर. तिथे पूर्वी हिमनदीने सगळं खरवडलं होतं. म्हणजे जे आहेत ते नक्की बाहेरून आलेले. गावाजवळच्या माळाशी तुलना करायला याहून चांगली जागा नाही. 91 ते 120.

शेवटची पाकळी घेऊन उठले तर पाठ सरळ होईना. विद्यार्थ्याने रायफल खांद्यावर ठेवून एका हाताने उठवलं. समोर हिमनदीतून पाणी वाहत होतं, मोठ्या ओढ्यासारखं, गढूळ, जोराचं. इतक्या उत्तरेला इतकं पाणी.

22 आणि 23 जुलै

बांधाबांध. दीडशेऐवजी 118 ट्यूब, शिवाय ॲक्युलिएटाच्या वीस. सिलिका जेल दोनदा बदललं. नोंदवह्यांचे फोटो काढून ठेवले. वास्कोच्या सरांनी निघताना विचारलं, "मगे, कितले जाण मेळ्ळे?" पुण्यात गेल्यावर कळवते म्हटलं.

विमानातून खाली बघताना रिंगणं शोधली. ढग होते.

24 ऑगस्ट, पुणे

नमुन्यांची पहिली प्लेट आज वाचून आली. ॲसिटोनने धुणं, द्रव नायट्रोजनमध्ये दळणं, डीएनए काढणं, रंग लावलेल्या प्रायमरांनी पीसीआर, आणि मग केशनलिकेतून लांबी मोजणं, यात महिना गेला. मी सकाळी सात वाजताच संगणकापाशी बसले. विद्यार्थी माझ्या आधी येऊन बसला होता.

एकामागून एक आलेख. एक सुळका. एक सुळका. मधेच एक रिकामं, ते पुन्हा करावं लागेल. माळावरच्या पहिल्या तिसांत काही आकडे तंतोतंत सारखे निघाले. दहा मीटर अंतरावरचे दोन झुबके एकच. पण सगळे सारखे नाहीत. हे सगळं अजून दुसऱ्या, तिसऱ्या प्लेटने पक्कं करायचं आहे, म्हणून आत्ता यापुढे लिहीत नाही.

मग तो थांबला. "मॅडम, 61."

चार मार्करवर दोन सुळके. दोन्ही उंच, स्वच्छ, मार्करची खोड म्हणावी तसे नाहीत. बाकीच्या मार्करवर एकेकच. वहीतलं प्रश्नचिन्ह काढून मी तिथे 2 लिहिलं. पाकिटात त्या पाकळीचा अर्धा तुकडा शिल्लक होता. तो सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, पाण्याचा थेंब टाकला, आणि तो मऊ होऊन उलगडेपर्यंत आम्ही दोघं वाट बघत बसलो. कुठून वेगळं करायचं ते शोधायचं होतं.